बायबलचं टेबल

गोदीत सील शाबूत दिसलं की कंटेनर पुढं जातो. आत काय सडलंय ते सील सांगत नाही, वास सांगतो. आणि वास आधी आम्हा हमालांच्या नाकात जातो. सही करणारा साहेब केबिनमध्ये असतो.

नायजेरियाच्या चिमामांडा न्गोझी अदिची या बाईनं २००३ साली असंच एक सील फोडलं. कादंबरी 'पर्पल हिबिस्कस', म्हंजे जांभळी जास्वंद. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, पण वाचली.

एनुगू शहरातला युजीन अचिके. बिस्किटांचे, सरबतांचे कारखाने. कट्टर कॅथलिक. 'स्टँडर्ड' पेपरचा मालक. लष्करी राजवटीपुढं बाकीचे पेपर शेपूट घालतात, याचा पेपर खरं छापतो. त्यापायी त्याचा संपादक पार्सल बॉम्बनं मारला जातो. गावात युजीन गरिबांना पैसे वाटतो. चर्चमध्ये पाद्री त्याचं नाव घेऊन गुण गातो. मानवी हक्कांचं बक्षीससुद्धा त्यालाच.

आता आत चला.

बायको मार खाते आणि नंतर गुपचूप काचेच्या मांडणीवरच्या नाचणाऱ्या बाहुल्या पुसत बसते. पोरगा जाजा दहा वर्षांचा असताना धर्माच्या परीक्षेत दोन प्रश्न चुकला. त्याच्या डाव्या हाताचं बोट कायमचं वाकडं झालं. डावाच हात, कारण उजव्यानं लिहायचं असतं! पोरगी कांबिली 'काफर' आजोबासोबत एका घरात राहिली आणि बापाला बोलली नाही, म्हणून तिच्या पायांवर उकळतं पाणी. ओतताना बाप रडतोय. ज्या टेबलावर घरातलं बायबल ठेवायचे, तेच टेबल त्यानं गरोदर बायकोच्या पोटावर मोडलं. मूल गेलं.

आपल्यातलाच एक दोस्त म्हणाला, "अरे, पण माणूस हुकूमशाहीशी लढला ना? घरातलं ज्याचं त्याच्याकडं."

च्यायला, ज्याचं त्याच्याकडं म्हंजे कुणाकडं? बाईच्या पोटाकडं? पोरीच्या पायांकडं? चौकात बोलण्याचं स्वातंत्र्य मागायचं आणि जेवणाच्या टेबलावर पोरांची जीभ बांधून ठेवायची, ही दोन माणसं नाहीत दोस्त. एकच आहे.

आणि हे गुपित एकट्या युजीननं सांभाळलेलं नाही. त्याच्या देणग्या घेणाऱ्या चर्चनं सांभाळलं. त्याचं अन्न खाणाऱ्या गावानं सांभाळलं. बाईचा सुजलेला डोळा त्यांनाही दिसलाच असेल. विचारलं कुणी? फक्त बहीण इफेओमानं तोंड उघडलं. विधवा, न्सुकाच्या विद्यापीठात शिकवणारी, खिशात पैसा नाही, पण घरात हसायची बंदी नाही.

दुसरा म्हणेल, हे सगळं गोऱ्या मिशनऱ्यांचं पाप. खरंय, अर्धं. लहानपणी एका पाद्र्यानं युजीनचे हात गरम पाण्यात बुडवले होते, पापाची शिक्षा म्हणून. तेच पाणी तो पोरीच्या पायांवर ओततो. पण आता किटली त्याच्या हातात आहे. आणि परंपरेचे गोडवेही गाऊ नका. दोनच पोरं झाली म्हणून दुसरी बायको कर असं सांगणारे त्याचे भाऊबंदच होते.

त्सित्सी डांगारेम्ब्गानं १९८८ मध्येच 'नर्व्हस कंडिशन्स'मध्ये ऱ्होडेशियातल्या मिशनचा हेडमास्तर बाबामुकुरू उभा केला होता. अख्खं खानदान त्याच्या उपकाराखाली. बायको त्याच्याइतकीच शिकलेली, हे कुणाच्या गावीही नाही. पोरगी न्याशा उलट बोलली म्हणून मार खाते, आणि शेवटी खाल्लेलं अन्न ओकून स्वतःलाच संपवत जाते. देश वेगळा, पंथ वेगळा, सील तेच.

अदिचीच्या घरात शेवटी आई बापाच्या चहात विष घालते. गुन्हा अंगावर घेऊन जाजा तुरुंगात जातो. ज्या घरात बाईचं ऐकायला एकही कान ठेवला नाही, तिथं चहाच बोलतो. मला त्या बाईला शाबासकी द्यायची नाही. मला त्या पाद्र्याला, त्या गावाला विचारायचंय, भडव्यांनो, इतकी वर्षं तुमच्या नाकाला काय झालं होतं?

आणि तू, मोर्चातून घसा बसवून घरी परतणाऱ्या? दार उघडणारीच्या तोंडाकडं आधी बघ. ती तुला बघून हसली की गप्प झाली?