शेतावर झोपण्याचे पैसे

शहरी माणसाला गोठा फार आवडतो. फक्त त्यात गाय नसावी, एवढीच त्याची अट असते. हे माझं मत मी भोरच्या पलीकडे, हिरडस मावळातल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात श्रावणातल्या दोन रात्री काढून बनवलं आहे. आधी मत बनवायचं आणि मग अनुभव घ्यायचा, या माझ्या नेहमीच्या शिरस्त्याला हा अपवाद.

अशा ठिकाणाला कृषी पर्यटन केंद्र म्हणतात. सरकारने २०२० साली त्याचं धोरणही केलं. आमचे यजमान मात्र स्वतःला शेतकरीच म्हणवत आणि रासायनिक खत न घालता माती पुन्हा जिवंत करण्याच्या खटपटीत असत. ती कशी करायची, हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी दाखवलं. दोनशे लिटर पाणी, त्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे जीवामृत एका एकराला पुरतं. गूळ-बेसन ऐकून आमच्या मंडळींच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पिंपावरचं झाकण निघताच ते आल्या वाटेने परत गेलं.

बाकीचे पाहुणेही थोरच. "रात्री हे बेडूक बंद करता येत नाहीत का हो?" असं एका बाईंनी विचारलं. न्हाणीचं पाणी केळींना जात असल्याने 'साबण बेताने वापरावा' अशी पाटी होती. एका गृहस्थांनी केळींच्या वतीने स्वतःच परवानगी देऊन टाकली. तिसऱ्यांनी सल्ला दिला, "खालचं ते भाताचं खाचर काढा आणि पोहायचा तलाव करा. गर्दी आवरणार नाही!"

मी हसलो. यजमान हसले नाहीत. "सगळेच सांगतात, साहेब. पोरगाही आता तेच म्हणतोय."

तिथे माझं हसू थांबलं. डोंगरउतारावरची माती ही पावसाळ्यात घर सोडून पळणारी वस्तू. तिला धरून ठेवायला या माणसाने उतारावर आडवे समतल चर खणले. राबासाठी पालापाचोळा जाळायचं सोडून तो जमिनीवर पांघरला. दहा वर्षं गेली. आता पाणी गढूळ होऊन धावत नाही. चरात थांबतं, मुरतं. एवढं करून पिकतं काय? भात आणि नाचणी.

निघताना मंडळींनी नाचणीचा भाव विचारला. "ऐंशी रुपये किलो, वहिनी."

"साठ करा ना!"

दोन रात्रींचे दोघांचे आठ हजार मी मुकाट्याने मोजले होते. ऐंशीच्या भावानेसुद्धा त्यात शंभर किलो नाचणी आली असती. २०२५-२६चा सरकारी हमीभाव क्विंटलला ४८८६ रुपये; त्या भावाने तर दीड क्विंटलाच्याही वर. म्हणजे माझ्या दोन रात्रींच्या घोरण्याची किंमत त्या माणसाच्या दीड क्विंटल नाचणीपेक्षा जास्त! मी बरा घोरतो, पण इतका नाही.

"अहो, पाहुण्यांच्या पैशावरच त्याची शेती तगते," असं कुणी म्हणेल. खरं आहे. माझी तक्रार नेमकी तीच आहे. धान्यावर शेती तगत नाही आणि गादीवर तगते, तर शहाणा मुलगा गाद्या वाढवील की नाचणी? तलाव आपणच मागायचा, आणि पुढच्या वर्षी येऊन "छे, पूर्वीची मजा राहिली नाही" म्हणायचं, तेही आपणच. माती वाचवायची असेल तर दोन रात्री तिच्यावर झोपून भागणार नाही. तिच्यातून आलेलं धान्य वर्षभर, सांगेल त्या भावाने, घरात आलं पाहिजे.

मी दहा किलो नाचणी घेतली. ऐंशीनेच. भोर येईपर्यंत मंडळी एक शब्द बोलल्या नाहीत. बेडूक बंद करता येत नाहीत हे खरं. बाकी बऱ्याच गोष्टी आठशे रुपयांत होतात.