विकतचं पीठ, घरचा डोनट

आधी कबुलीजबाब देऊन टाकते. मागच्या सोमवारी ऑफिसात मी जे 'होममेड' डोनट नेले होते ना, त्यांचं पीठ मी मळलेलं नव्हतं. आमच्या इंदिरानगरातल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतून ते अर्धा किलो विकत घेतलं होतं आणि स्टीलचा डबा स्कूटीवर पायाशी ठेवून घरी आणलं होतं. परचेसमधली जी मंडळी 'काय सही झालेत यार' म्हणत दोन-दोन डोनट हाणत होती, त्यांनी आता खुशाल माझ्या नावाने खडे फोडावेत. पण थांबा, त्याआधी अख्खी गोष्ट तर ऐका!

डोनटचं खूळ तसं जुनं. आपल्याकडे 2008 साली मॅड ओव्हर डोनट्स आलं, 2012 मध्ये दिल्लीत डंकिन डोनट्स आणि 2013 मध्ये बंगळुरूत क्रिस्पी क्रीम. त्याआधी डोनट म्हणजे इंग्लिश सिनेमातले पोलीस गाडीत बसून खातात ती वस्तू, एवढंच आपलं ज्ञान. मग मुंबईला इंटरव्ह्यूला गेलेला आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण येताना मॉलमधून सहाचा बॉक्स आणायला लागला. कसारा घाट चढून गाडी नाशिकला पोचेपर्यंत निम्मं ग्लेझ बॉक्सच्या झाकणाला चिकटलेलं असायचं. ते आम्ही बोटाने खरवडून खायचो. 'हे एकदा घरी करून बघायचं' हा किडा तेव्हाच डोक्यात शिरला.

या डिसेंबरात त्या किड्याने पुन्हा उचल खाल्ली. पहिल्या रविवारी फ्रिजच्या दारात गणपतीपासून उघडं पडलेलं यीस्टचं पाकीट वापरलं. तीन तासांनी पीठ होतं तिथेच, होतं तेवढंच. दुसऱ्या रविवारी नवं पाकीट आणलं आणि चांगल्या कढत दुधात ओतलं. यीस्ट हा जिवंत प्राणी आहे, त्याला कोमट दूध चालतं, कढत दुधात तो बिचारा मरतो, हे ज्ञान मला पीठ फेकून दिल्यावर झालं. दोन रविवार, एक किलो मैदा आणि माझा कॉन्फिडन्स, सगळं पाण्यात.

तिसऱ्या रविवारी मी बाबांसाठी ब्रेड आणायला बेकरीत गेले होते. दुपारची वेळ. आत संध्याकाळच्या पावासाठी पिठाचा हा एवढा मोठा गोळा टेबलावर पडलेला. मऊ, गुबगुबीत, बोट लावलं तर खळी पडेल असा. आणि एकदम ट्यूब पेटली! जे मला दोन रविवारांत जमलं नाही, ते इथे रोज तयार होतं.

"काका, नुसतं पीठ द्याल?"

"पाव नको? पिठाचं काय करणार ताई?"

"डोनट."

"ते भोकवालं?" काका हसले. तराजूत अर्धा किलो पीठ टाकत म्हणाले, "थंडी आहे. ओट्यावर ठेवलंत तर रात्रीपर्यंत फुगणार नाही. उबेला ठेवा."

पन्नास रुपयांत काम फत्ते! शिवाय फुकटचा सल्ला.

अमेरिकेत म्हणे डब्यातलं तयार पीठच मिळतं. डबा फटकन उघडायचा, गोल चकत्या काढायच्या, मधे भोक पाडायचं आणि तळायचं. केंटकीतल्या लुइव्हिलच्या एका बेकरने 1931 मध्ये या डब्याचं पेटंट घेतलं आणि तिथल्या घरोघरच्या डोनटचा तोच शॉर्टकट झाला. आपल्याकडे तो डबा सहज मिळत नाही. पण डबा कशाला हवाय? गल्लीगल्लीत बेकरी आहे! पोर्तुगीजांनी गोव्यात पाव आणला, तिथल्या पोदेरांनी यीस्ट नाही म्हणून माडीवर पीठ फुगवलं, आणि आज मिसळीला पाव नसेल तर नाशिककराला ती मिसळ वाटतच नाही. एवढ्या वर्षांचं ट्रेनिंग झालेलं पीठ कोपऱ्यावर असताना आपण यीस्टच्या पाकिटाशी झटापट का करायची?

हा फंडा मला पटला. आईला पटवणं बाकी होतं.

इथे थोडं आईबद्दल सांगायला हवं. ऑगस्टमध्ये पावसात सोसायटीच्या जिन्यावर ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मग फिजिओथेरपी. ताईंनी दाबायला एक पिवळा स्मायलीचा चेंडू दिलाय, तो दिवसभर तिच्या मांडीवर असतो. हाड जुळलं, पण हातात जोर येईना. पोळ्यांना बाई लावली. दिवाळीचा फराळ पहिल्यांदाच विकत आणला. आईने एक चकली तोडून बघितली, "बरी आहे" म्हणाली आणि ताट सरकवलं. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात फक्त चहापुरती येते. 'आता माझ्या हाताला काही राहिलं नाही' हे वाक्य ती इतक्या सहज म्हणायला लागली होती की, त्यावर काय बोलावं हेच आम्हाला कळायचं नाही.

तर मी डबा उघडला. आईने डोकावून बघितलं.

"विकतचं पीठ? मग त्यात घरचं काय राहिलं?"

मी काही बोलले नाही. पीठ लाटलं, वाटीने गोल पाडले, कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या झाकणाने मधली भोकं पाडली आणि घाईघाईत कढई चढवली. रेसिपीत लिहिलं होतं, तेल 175 डिग्री. आमच्याकडे थर्मामीटर एकच, तापाचा! अंदाजाने पहिला डोनट सोडला. दहा सेकंदांत तो चॉकलेटी झाला. काढून तोडला तर आत कच्चा. कढईतून धूर यायला लागला.

"अगं, तेल जळतंय!" बाहेरून आवाज आला आणि पाठोपाठ आई आली. चेंडू ओट्यावर ठेवून तिने डाव्या हाताने गॅस बारीक केला. "आणि हे काय, फुगायच्या आधीच तळायला घेतलंस? अनारसा असा तळतात का?"

अनारशाचा इथे काय संबंध, म्हणू नका. मला तोच धागा मिळाला!

"आई, अनारशाचं तयार पीठ दिवाळीत दुकानात मिळतंच की. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचं, गूळ घालून मुरवायचं, हे सगळं दुकानदाराने केलेलं. ते आणणारी बाई घरी अनारसे केले म्हणते की विकतचे खाल्ले म्हणते?"

"मी नाही कधी आणलं," आई म्हणाली.

"चकलीची भाजणी?"

"ती मी घरीच भाजायचे."

"आणि दळायला?"

आई गप्प. मग हसलीच. "गिरणीत."

बॉस, मुद्दा एवढाच आहे. प्रत्येक घरचा पदार्थ कुठून तरी अर्धा झालेला येतो. कुणी जात्यावर दळणं सोडलं, कुणी इडलीचं पीठ पिशवीतून आणलं. आपली आजी गिरणीत गेली तेव्हा तिच्याही सासूने नाक मुरडलंच असेल. जो भाग जमत नाही किंवा झेपत नाही, तो विकत घ्यावा. जो आपल्याला येतो, तो मात्र आपण करावा. आईला काय येतं, हे पुढच्या अर्ध्या तासात मला दिसलं.

तिने उरलेले गोल पातेल्याखाली झाकले आणि शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवलं. चाळीस मिनिटं हातही लावू दिला नाही. त्या वेळात आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून कडांचं उरलेलं पीठ पुन्हा गोळा करत होतो. आईने एक गोळा उजव्या हातात घेतला आणि नकळत दाबत राहिली. "चेंडूपेक्षा हे बरं आहे गं," ती म्हणाली. "हे दाबलं की दबतं तरी."

मग तेल. हरभऱ्याएवढी पिठाची गोळी तिने कढईत टाकली. ती तळाला गेली, क्षणभर थांबली आणि बुडबुडे सोडत सावकाश वर आली. "आता सोड." थर्मामीटर गेला खड्ड्यात! झाऱ्या डाव्या हातात धरून दहाच्या दहा डोनट तिने उलटले. प्रत्येकाच्या मधोमध गोऱ्या रंगाचा पट्टा होता. डोनट हलका होऊन तेलावर तरंगला की कड तेलाबाहेर राहते, म्हणून तो पट्टा. पीठ नीट फुगल्याची ती खूण. भोकाचंही तसंच. मेदूवड्याला ते ज्या कारणासाठी असतं त्याचसाठी इथे, मधलं पीठ कच्चं राहू नये म्हणून. हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकन खलाशाने 1847 मध्ये आपणच ते पहिल्यांदा पाडलं असा दावा केला होता. आमच्या दाक्षिणात्य शेजाऱ्यांसमोर हा दावा मांडायची माझी हिंमत नाही!

तर मंडळी, वहीत उतरवून घ्या.

साहित्य : बेकरीतून आणलेलं पावाचं पीठ अर्धा किलो, मऊ लोणी दोन मोठे चमचे, पिठीसाखर दोन मोठे चमचे, दुधाची पावडर दोन मोठे चमचे, चिमूटभर जायफळ, तळायला तेल. ग्लेझसाठी आयसिंग शुगर एक वाटी, कोमट दूध दोन ते तीन मोठे चमचे, व्हॅनिलाचे चार थेंब.

कृती : पावाचं पीठ तसं साधं असतं. म्हणून त्यात लोणी, साखर, दुधाची पावडर आणि जायफळ घालून पाच-सात मिनिटं मळा. सुरुवातीला सगळा चिकट गोंधळ होईल, घाबरू नका, नंतर गोळा जमतो. वीस मिनिटं झाकून ठेवा. मग अर्धा इंच जाड लाटून वाटीने गोल आणि झाकणाने भोकं पाडा. प्रत्येक डोनट बटर पेपरच्या वेगळ्या चौकोनी तुकड्यावर ठेवा, म्हणजे उचलताना आकार बिघडत नाही. उबेला झाकून तीस ते चाळीस मिनिटं फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तयार! मध्यम आचेवर प्रत्येक बाजू एक ते दीड मिनिट तळा. आयसिंग शुगर चाळून त्यात दूध आणि व्हॅनिला घाला. ग्लेझ चमच्यावरून सलग धारेत पडायला हवं. डोनट कोमट असताना बुडवा. गरमागरम बुडवला तर ग्लेझ वितळून खाली बसतं, पार गार झाला तर नीट पसरत नाही. जाळीवर पंधरा मिनिटं ठेवलं की वर छान पापुद्रा धरतो.

टिप्स : घरची पिठीसाखर वापरत असाल तर वाटीला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घालून दोनदा चाळा. दुधाऐवजी कडक कॉफी घातली तर ऑफिसवाल्यांचा डोनट. आणि आपल्या नाशिकची काळी द्राक्षं बाजारात आली की त्यांचा रस आटवून, गार करून दुधाच्या जागी घाला. जांभळं ग्लेझ, कुठल्याही मॉलमध्ये मिळणार नाही असं. पाडलेली भोकं फेकू नका, तळून साखरेत घोळवा. पोरं आधी तीच संपवतात.

खरं सांगायचं तर हे डोनट दुकानातल्यासारखे कापसाइतके हलके होत नाहीत. पावाची थोडी चिवट लवचीक मजा त्यांच्यात राहते. केल्या दिवशीच खावेत. दुसऱ्या दिवशी घट्ट होतात, पण मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद दिले की पुन्हा मऊ. आमच्या पॅण्ट्रीत मी गुपचूप तेच केलं!

त्या रात्री बाबांनी शुगरचं कारण देत अर्धा खाल्ला, आणि मग दुसरा अर्धा 'वाया जाऊ नये म्हणून'. आईने सोमवारचा डबा स्वतः भरला. निघताना मी विचारलं, "ऑफिसात काय सांगू, कुणी केले?"

"दोघींनी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि बेकरीवाल्याने."

ऑफिसात 'दोघींनी' एवढंच सांगितलं. बेकरीवाल्याचं नाव राहून गेलं होतं, ते आज इथे सांगितलं. हिशेब पूर्ण!

काल संध्याकाळी घरी आले तर आई टेबलाशी बसून तीळ निवडत होती. स्मायलीचा चेंडू शेजारी. वर न बघताच म्हणाली, "संक्रांतीला गुळपोळीची कणीक तू भिजव. घट्ट हवी, मी सांगेन तशी. गूळ बाबा किसतील. भाजायचं मी बघते."