आवाजाचा ‘ठसा’ नसतो हो!

मंडळी, ‘आवाजाचा ठसा’ हा शब्दप्रयोग आता पुरे झाला. बातम्यांत तो ऐकला की माझं डोकं फिरतं.

बोटावरच्या रेषा जन्मभर त्याच राहतात. आवाजाचं तसं नाही. स्वरतंतूंचा कंप, घसा-तोंड-नाकातल्या पोकळ्या आणि बोलायची सवय, हे सगळं मिळून तो बनतो. सर्दी झाली, राग आला, वय झालं की तो बदलतो. आमच्या शाहूपुरीतला माणूस मित्राला ‘काय भावा’ म्हणतो आणि साहेबाला ‘हो सर’. आवाज ऐकाल तर माणसं दोन वाटतील! त्यात साधा फोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवतो. बाकीचं वाटेतच गळतं.

‘व्हॉइसप्रिंट’ हे नाव १९६२ साली गाजवलं बेल लॅब्जच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी. १९७९ साली अमेरिकेतल्याच शास्त्रज्ञांच्या समितीने बजावलं की कोर्टात हे फार जपून वापरा. पण शब्द चिकटला तो चिकटलाच.

आपल्याकडे १९७२ च्या मलकानी खटल्यात (मुंबईचाच) सर्वोच्च न्यायालयाने टेप पुरावा म्हणून मानली. मात्र आवाज कोणाचा ते पटलं पाहिजे, ही अट घालून. २०११ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात तेच न्यायालय म्हणालं की चेहऱ्यापेक्षा आवाज ओळखणं कितीतरी अवघड. पुढे २०१९ च्या निकालाने मॅजिस्ट्रेटला आवाजाचा नमुना द्यायला लावायचा अधिकार मिळाला, आणि १ जुलै २०२४ पासून तो कायद्यातच आला. नमुना घ्यायची सोय झाली. पण तो जुळला म्हणजे नेमकं काय, हे त्या कलमात कुठे आहे?

तपासणी बंद करा असं मी म्हणत नाही. पण तज्ज्ञाने नुसतं ‘जुळतो’ म्हणून सही ठोकू नये. आवाज याच माणसाचा असेल तर एवढं साम्य दिसण्याची शक्यता, तो त्याच भागातल्या, तशाच बोलीच्या दुसऱ्या कोणाचा असेल तर ते दिसण्यापेक्षा किती पटीने जास्त, ते सांगावं. कोल्हापूरकराचा आवाज दिल्लीकरांच्या नमुन्यांशी ताडून तो ‘वेगळा’ निघाला, तर त्यात नवल ते काय? प्रश्न कोणाच्या तरी जन्मठेपेचा असतो.

आता तर थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं की संगणक हुबेहूब आवाज काढतो. तेव्हा काका-मावशी, माझ्या आवाजात कोणी पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर उलटा लावा. मला राग येणार नाही.