फिरता डॉक्टर व राज्याराज्यांचे परवाने



गेल्या दिवाळींत माझा एक वर्गबंधु गांवीं आला होता. सुताराचा मुलगा, बाप अजून रंधा धरून आहे. आम्ही दोघे एकाच बाकावर शिकलों. मी ट्रेनिंग कॉलेजांतून मास्तर होऊन बाहेर पडलों, तो डॉक्टर होऊन अमेरिकेस गेला आणि आतां तिकडचाच नागरिक आहे. पण तो एका जागीं दवाखाना घालून बसत नाहीं. ज्या खेड्यांतील इस्पितळाचा डॉक्टर रजेवर गेला, सोडून गेला किंवा मिळालाच नाहीं, तेथें महिना दोन महिने राहून तो ती जागा भरतो. मग पुढचें गांव. अशा डॉक्टरास तिकडे 'लोकम टेनेन्स' म्हणतात. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ 'जागा धरणारा'. अशीं माणसें पुरविणाऱ्या कंपन्याही आहेत. प्रवास, राहणें व विमा त्या पाहतात. पारावर बसून त्यानें आपलें गाऱ्हाणें सांगितलें, तें रोग्यांचें नव्हे कीं पगाराचें नव्हे, परवान्याचें.

आपणांस वाटतें, एकदां डॉक्टर झाला कीं झाला. अमेरिकेंत तसें नाहीं. परीक्षा साऱ्या देशाची एकच, तीन टप्प्यांची. पण ती उतरल्यावर परवाना देश देत नाहीं, राज्य देतें. आणि राज्यें तर पन्नास. मिसिसिपी नदीच्या अलीकडे आयोवा, पलीकडे इलिनॉय. अलीकडचा डॉक्टर पूल ओलांडून पलीकडे गेला, तर तेथील परवान्यावांचून त्यास रोग्याची नाडी पाहून औषध लिहून देतां येत नाहीं. रोग तोच, औषध तेंच, डॉक्टरही तोच!

प्रत्येक राज्यास पदवीची खातरजमा मूळ कॉलेजाकडूनच पाहिजे. डॉक्टरानें स्वतः नक्कल नेऊन दिली तर ती चालत नाहीं. पूर्वीं ज्या ज्या राज्याचा परवाना घेतला असेल, त्या प्रत्येकानें 'ह्याच्यावर किटाळ नाहीं' असें लिहून पाठवावें लागतें. म्हणजे जो जितका फिरला, तितका त्याचा जुडगा मोठा. मध्यें कांहीं महिने काम केलें नसेल, तर तें कां, हेंही सांगावें लागतें. आईच्या शेवटच्या आजारांत हा येथें येऊन राहिला होता, त्याचाही खुलासा त्यास लिहून द्यावा लागला. टेक्सास राज्यांत तर तेथील कायद्याची निराळी परीक्षा. आणि बहुतेक ठिकाणीं दहाही बोटांचे ठसे. ह्यांत कित्येक महिने जातात. तोंवर इकडे डॉक्टर तयार आणि तिकडे खाट रिकामी.

"हें सारें मोडून टाकावें," असें तो म्हणाला. मला तें पटलें नाहीं, व कां पटलें नाहीं हें सांगण्यासाठींच ही लेखणी उचलली आहे.

माझे वडील कुंभार. मी सातवींत असतांना आमच्या बाजाराच्या गांवीं दर आठवड्यास एक 'डॉक्टर' मोटारसायकलवर येत असे. गळ्यांत नळी, पेटींत सुया. अंगांत ताप भरला म्हणून वडिलांनीं त्याच्याकडून दंडांत सुई टोचून घेतली. चौथ्या दिवशीं दंड सुजला, पू झाला, तालुक्याच्या दवाखान्यांत तो चिरावा लागला. हात वांचला, पण चाकावर मोठा गोळा आवळण्याचें बळ त्यांत पुन्हां आलें नाहीं. आमच्या घरचे रांजण त्या सालीं बंद झाले, पणत्या-बोळकीं तेवढीं राहिलीं. पुढें चौकशी केली तों त्या इसमाचें नांव कोणत्याच नोंदवहींत नव्हतें, आणि तो आमचा बाजार सोडून दुसऱ्या तालुक्याच्या बाजारीं बसूं लागला होता. तोही फिरताच डॉक्टर होता!

अमेरिकेनेंही हें सोसलें आहे. पश्चिम व्हर्जिनिया राज्यानें १८८० नंतर कायदा केला कीं, नांवाजलेल्या कॉलेजाची पदवी, राज्यांत दहा वर्षांचा धंदा किंवा परीक्षा, ह्यांपैकीं एक दाखवा, नाहीं तर धंदा बंद. डेंट नांवाचा डॉक्टर त्याविरुद्ध वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला, आणि १८८९ सालीं हरला. तेव्हांपासून राज्यांचा हा अधिकार पक्का झाला. तरीही एका राज्यानें हांकललेला डॉक्टर दुसऱ्या राज्यांत नवी पाटी लावीतच असे. म्हणून १९८६ सालीं कायदा होऊन १९९० पासून साऱ्या देशाचें एक दप्तर सुरू झालें. डॉक्टरावर झालेली कारवाई त्यांत नोंदली जाते. माझ्या वडिलांच्या वेळीं असें दप्तर कोणी उघडून पाहिलें असतें तर!

परंतु परवान्याच्या नांवाखालीं दार कोणासाठीं बंद झालें, हेंही आपण पाहिलें पाहिजे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक ज्या अमेरिकेंतील गुलाममुक्तीच्या कैवाऱ्यांस अर्पण केलें, त्याच अमेरिकेंत १९१० सालीं फ्लेक्स्नर यांचा वैद्यकीय शाळांवरील अहवाल निघाला. शाळा सुधाराव्या, नाहीं तर बंद कराव्या, असा त्याचा रोख. भिकार शाळा पुष्कळ होत्या, ह्यांत शंका नाहीं. पण कृष्णवर्णीयांसाठीं ज्या सात शाळा होत्या, त्यांपैकीं पांच पुढील पंधरा वर्षांत बंद पडल्या. हॉवर्ड व मेहॅरी ह्या दोनच उरल्या. गोऱ्यांच्या बड्या वैद्यकसंघाच्या शाखा त्यांस आंत घेईनात, म्हणून त्यांनीं १८९५ सालींच आपला निराळा संघ काढला होता. बड्या संघानें माफी मागितली ती २००८ सालीं! चाळणी धान्य निवडण्यासाठीं आहे कीं जात निवडण्यासाठीं, हें तिच्या भोंकांवरून कळत नाहीं. चाळणारा हात पाहावा लागतो.

तेव्हां माझें म्हणणें एवढेंच कीं, छाननी कसून व्हावी, पण एकदांच व्हावी. हें होऊं शकतें. निवृत्त शिपायांसाठीं अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचीं जीं इस्पितळें आहेत, तेथील डॉक्टरास कोणत्याही एका राज्याचा परवाना पुरतो. शिपायास जें चालतें तें शेतकऱ्यास कां चालूं नये? २०२० च्या महामारींत राज्यांनींच आपले नियम तात्पुरते सैल केले. त्याआधीं २०१५ सालीं राज्यांचा आपसांत करार झाला. वायोमिंग, माँटाना, दक्षिण डकोटा अशीं विरळ वस्तीचीं राज्यें त्यांत आघाडीवर होतीं, कारण डॉक्टरावांचून अडलें होतें तें त्यांचेंच. घरच्या राज्यानें एकदां सारें तपासून पत्र द्यावें, त्यावर इतर राज्यांनीं आपापला परवाना द्यावा, अशी ही रीत. २०१७ पासून असे परवाने मिळूं लागले. अर्जास ७०० डॉलर, शिवाय प्रत्येक राज्याची फी वेगळी. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क हीं थोरलीं राज्यें मात्र २०२४ अखेर ह्या करारांत नव्हतीं.

मित्राचें दुसरें म्हणणें असें कीं, कागद कमी केले कीं डॉक्टर आपोआप खेड्याकडे धांवेल. ह्यावर माझा विश्वास नाहीं. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें देशाच्या नोंदवहींत नांव असलेल्या डॉक्टरास कोठेंही धंदा करण्याची मोकळीक दिली होती; २०१९ च्या कायद्यांतही राष्ट्रीय नोंदवही आहेच. नदीपलीकडे जाण्यास त्यास कोणी अडविलें नाहीं. तरी तो आमच्या गांवीं आला काय? आला तो मोटारसायकलवाला. रस्ता, राहावयास घर, मुलांस बरी शाळा, इस्पितळांत औषध, हें नसतांना नुसती मोकळीक काय कामाची?

आणि शेतकरी-कारागीर बंधूंनो, आपल्या हातांत एक गोष्ट आजही आहे. २००२ च्या नियमांप्रमाणें डॉक्टरानें आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यांत लावला पाहिजे व चिठ्ठीवर लिहिला पाहिजे. सुई टोचून घेण्यापूर्वीं तो विचारा. बैल घेतांना आपण दात पाहतों. येथें विचारण्याची लाज कां वाटावी?

मित्र परत जाण्याच्या आदल्या रात्रीं त्याच्या ओसरीवर बसलों होतों. कॅलिफोर्नियाच्या अर्जासाठीं पुन्हां बोटांचे ठसे द्यावे लागणार, असें तो सांगत होता. म्हाताऱ्यानें कोपऱ्यांतून विचारलें, "सावकाराच्या कागदावर मी अंगठा दिला, तुझी फी भरायला. तूं एवढा शिकलास, तरी तुझाही अंगठाच घेतात का रे?" मित्र म्हणाला, "दहाही बोटं घेतात, बाबा." म्हातारा बराच वेळ हंसत होता.

— एक खेडेगांवचा शाळामास्तर