सिंगापूरचे ते सत्तेचाळीस

फैजपूर म्हटलं की १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आपण अभिमानाने सांगतो. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, हे पाठच आहे. पण साम्राज्यवादी युद्धात हिंदुस्थानने भाग घेऊ नये, ही भूमिकाही त्याच अधिवेशनात मांडली गेली, हे किती जणांना ठाऊक आहे? परक्यांच्या युद्धात आपल्या जवानांचं काय होत होतं, ते बघायला आणखी एकवीस वर्षं मागे, सिंगापूरला जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात तिथे पाचवी लाइट इन्फन्ट्री ही हिंदी पलटण होती. जवान मुख्यतः आजच्या हरियाणाकडचे मुसलमान. तुर्कस्तानच्या खलिफाविरुद्ध लढायला नेणार, अशी अफवा छावणीत पसरली. पलटण खरं तर हाँगकाँगला निघाली होती, पण जवानांचा विश्वास बसला नाही. १५ फेब्रुवारी १९१५ ला बंड झालं. अधिकारी आणि सामान्य नागरिक धरून चाळीसच्या वर माणसं मेली. निःशस्त्र माणसांना मारणं याला मी शौर्य म्हणणार नाही.

पण नंतर काय झालं? दोनशेच्या वर जवानांचं कोर्ट मार्शल झालं आणि सत्तेचाळीस जणांना गोळ्या घातल्या. त्याही आउट्रम रोड तुरुंगाच्या भिंतीशी, हजारो लोकांसमोर. वरच्या कोर्टात अपील करायची सोयच नव्हती.

त्याच मार्च महिन्यात मेरठच्या छावणीत तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे बॉम्बसह पकडले गेले. गदर पक्षाचा हा तरुण अमेरिकेत इंजिनीअरिंग शिकायला गेलेला, म्हणजे आपला सीनियरच म्हणा ना! नोव्हेंबरात लाहोरला त्यांना फाशी झाली. त्यांना आपण हुतात्मा म्हणतो. सिंगापूरच्या जवानांचं मात्र नावही घेत नाही.

कुणी म्हणेल, शिस्तीशिवाय सैन्य चालतं का? नाहीच चालत. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्येही बंडाला मृत्युदंड आहे. पण २००९ पासून सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अपील करता येतं. माझ्या मते शिस्त आणि सूड यांतला फरक तो हाच.

ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून त्या युद्धात गोळ्या घातलेल्या तीनशेवर सैनिकांना माफी दिली, पण शिक्षा रद्द केल्या नाहीत. नव्वद वर्षांनी मिळालेल्या माफीचा मेलेल्याला काय उपयोग? ज्याला आपण परमुलखात मरायला पाठवतो, त्याला कशासाठी ते सांगावं, आणि तो चुकला तरी त्याचं म्हणणं पुरतं ऐकावं. मारायची घाई करू नये, कारण ती चूक दुरुस्त होत नाही.