रक्ताचा कर्करोग बरा होतो. उपचार मात्र अर्ध्यावर राहतात

विशेष प्रतिनिधी

महिनाभराच्या उपचारांनंतर ताप उतरतो, चेहऱ्यावर तजेला येतो, मूल पुन्हा खेळू लागते. अस्थिमज्जेच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. मूल बरे झाले, असे समजून काही आईवडील गावाकडची गाडी धरतात आणि घात होतो तो येथेच.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा असून त्यात ‘ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ या प्रकाराचे प्रमाण मोठे आहे. अस्थिमज्जेत अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्याने मूल फिकट पडते. प्लेटलेट कमी झाल्याने अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. ताप हटत नाही, हाडे दुखतात.

अमिनोप्टेरिन या औषधाने हा आजार मागे हटतो, हे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. परंतु काही महिन्यांतच तो उलटत असे. तपासणी निर्दोष आली तरी शरीरात अब्जावधी कर्करोगपेशी दडून राहू शकतात, हे त्यामागचे कारण. अनेक औषधे एकत्रितपणे व दीर्घकाळ देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हाच कायमची सुटका शक्य झाली. पहिल्या महिन्यानंतर औषधांचे आणखी तीव्र टप्पे, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात इंजेक्शने आणि शेवटी घरी घ्यावयाच्या गोळ्या, असा हा क्रम दोन ते अडीच वर्षे चालतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, श्रीमंत देशांत कर्करोगग्रस्त मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी आहे. उशिरा होणारे निदान आणि औषधांची टंचाई यांच्याबरोबरच अर्ध्यावर सोडलेले उपचार हेही त्याचे एक प्रमुख कारण आहे. जगभरात हे प्रमाण २०३० पर्यंत किमान ६० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. तथापि, बुडालेली मजुरी, मुंबईतील खोलीभाडे आणि गावी राहिलेल्या भावंडांची आबाळ यांचा हिशेब कोणत्याही बिलात येत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या परगावच्या कुटुंबांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. निवारा, अन्न आणि समुपदेशन यांची जोड दिल्यावर उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण घटते, असा टाटा रुग्णालयाच्या बालरोग विभागाचा अनुभव आहे. औषधांइतकाच हा आधारही उपचाराचाच भाग मानला गेला, तरच पहिल्या महिन्यातील यश टिकेल.