कॅप्सूल बदला, पण सांगून बदला

स्टुडिओतील कंडेन्सर माइक खरखरू लागला की लोक लगेच नव्या माइकची चौकशी करतात. पुष्कळदा दोष एकट्या कॅप्सूलचा असतो. कॅप्सूल म्हणजे माइकचा कान. बारीक छिद्रे पाडलेली एक धातूची चकती आणि तिच्यासमोर काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पडदा, एवढाच तिचा संसार. एक भाग झिजला म्हणून यंत्रमाग कोणी भंगारात घालत नाही. मग माइक का घालावा?

बर्लिनच्या नॉयमन कंपनीने १९४९ साली यू ४७ हा माइक बाजारात आणला. त्यातील एम ७ या कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा होता. असा पडदा काळाने कडक होतो व तडकतो. पुढे त्याच कंपनीने पॉलिएस्टरचा पडदा असलेली के ४७ ही कॅप्सूल काढली. पॉलिएस्टर आम्हा कापडवाल्यांना परके नाही. टेरिकॉटच्या धाग्यात असते तेच रसायन येथे पातळ पडदा होऊन येते.

दुसरा प्रकार चांगल्या माइकला अधिक चांगले करण्याचा. नॉयमनने १९६० साली यू ६७ माइक काढला. त्याच्या के ६७ कॅप्सूलचा वरचा स्वर तीव्र असतो, म्हणून माइकच्या सर्किटमध्येच तो खाली आणण्याची सोय केलेली आहे. आज अनेक स्वस्त माइकांत या कॅप्सूलची नक्कल बसवतात, पण ती सोय ठेवत नाहीत. मग ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. अशा माइकला के ४७ धर्तीची कॅप्सूल बसवली तर आवाज निवळतो. महाग ते चांगले असा येथे नियम नाही. कोणत्या सर्किटला कोणती कॅप्सूल जुळते, हे ओळखण्यातच खरा हुनर आहे.

आणि हुनर आमच्या मुलांकडे आहे. रेडिओ-टेप दुरुस्तीचा धंदा बसला, तरी सोल्डरिंगला सरावलेले हात आहेत. नात, कव्वाली, तकरीर रेकॉर्ड करणारे छोटे स्टुडिओ गावोगाव झाले आहेत. त्यांची दुरुस्ती आमच्या कारागिरांनी का करू नये? काम मात्र नाजूक आहे. पडद्याला बोट लागता कामा नये. जोडणीवर घाम किंवा फ्लक्स राहिला तर वीज गळते आणि खरखर परत येते. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर अधिकच जपावे लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या माइकची किंमत त्याच्या मूळ कॅप्सूलवर पुष्कळ अवलंबून असते. कॅप्सूल बदलली तरी बाहेरचे नाव तेच राहते, गिऱ्हाइकाला जाळीच्या आतले दिसत नाही. ही गोष्ट लपवून माइक विकणे म्हणजे मिश्र कापड शुद्ध सुती म्हणून मोजून देणे होय. हजरत पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल उघडी केली होती, तो प्रसंग आपण सर्व जाणतो. ओला माल वर ठेवावा, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल, हीच त्यातील शिकवण. बदललेली कॅप्सूल हा सुद्धा वर ठेवण्याचाच माल आहे.

म्हणून कारागीर बांधवांना आमची सूचना अशी. बिलावर नव्या कॅप्सूलचा प्रकार व तारीख लिहावी. कामाआधीचा आणि नंतरचा आवाज रेकॉर्ड करून गिऱ्हाइकाला ऐकवावा. जुनी कॅप्सूल फेकू नये, त्याची अमानत समजून त्याला परत द्यावी, कारण तिच्यावर नवा पडदा चढवता येतो. एवढे केले तर काम घेऊन येणारा माणूस पुढच्या खेपेस आणखी दोघांना घेऊन येईल. आमच्या कापडबाजारात पेढ्या अशाच दयानतीवर टिकल्या आहेत, या नव्या धंद्याचा पायाही तोच असावा.